घाटात गाडी का तापते? रेडिएटर आणि फॅनचे गणित समजून घ्या

बेळगाव : मे महिन्यातली रविवारची संध्याकाळ. गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग केरी ओलांडून चोर्ला घाट चढू लागते. गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली, एसी सुरू आणि पुढे दुसऱ्या गिअरवर कण्हत चाललेला टेम्पो. चार वळणे झाली की रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. बोनेटखालून वाफ निघत असते आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे बघत असतो. हेच चित्र अनमोड आणि आंबोलीच्या चढावर दिसते. धुळ्याहून इंदूरकडे जाताना बिजासन आणि मानपूरच्या घाटातही ते नवीन नाही.

दोष बहुतेक वेळा उन्हाला दिला जातो, नाहीतर गाडीच्या वयाला. पण सगळे भाग जागेवर असतील तर दहा-बारा वर्षे जुनी गाडीही भर उन्हात घाट चढून जाते. गडबड असते ती रेडिएटर, फॅन, झाकण आणि कूलंट या चौघांपैकी कुणात तरी. वेळीच लक्ष दिले तर काम काहीशे रुपयांत भागते. दुर्लक्ष केले तर हेड वाकते, गॅस्केट उडते आणि खर्च काही दहा हजारांवर जातो.

इंजिनातली उष्णता जाते कुठे?

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवतो. दुसरा एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो. उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत शिरते आणि ती बाहेर काढण्याची जबाबदारी मुख्यतः कूलंट आणि रेडिएटरवर असते.

आकडे मांडले की या कामाचा आवाका कळतो. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी ७०० मीटर उंची चढते, तेव्हा केवळ ती उंची गाठण्यासाठीच साधारण एक लिटर पेट्रोल खर्ची पडते. घाटात गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली आणि लिटरला पाच किलोमीटर पडले, तर तासाला सहा लिटरचा हिशेब होतो. त्यातली एक तृतीयांश उष्णता म्हणजे सुमारे १८ किलोवॅट. घरातल्या न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे नऊ गिझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी उष्णता त्या पुढच्या जाळीतून सतत बाहेर पडत राहिली पाहिजे. ती पडली नाही, की काटा वर सरकलाच समजा.

रेडिएटरला वारा हवा

वॉटर पंप कूलंटला इंजिनाभोवती फिरवतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम कूलंट वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येते. तिथे ते चपट्या बारीक नळ्यांतून वाहते. नळ्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची नागमोडी जाळी, म्हणजे फिन्स असतात. फिन्समधून वारा गेला की उष्णता वाऱ्यासोबत निघून जाते आणि थंड झालेले कूलंट खालच्या होजमधून इंजिनाकडे परततात.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि मागे छोटा पंखा होता. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढल्यामुळे आधीच्या तुलनेत निम्म्या पाण्यावर काम भागले. आजच्या गाडीचे तत्त्व तेच आहे. भरपूर पृष्ठभाग आणि त्यावरून भरपूर वारा.

इथे एक गोष्ट विसरली जाते. रेडिएटर किती उष्णता फेकणार, हे कूलंट आणि वारा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंश आणि वारा २५ अंश असेल तर फरक ७० चा. आता मे महिन्यातली ४० अंशांची दुपार घ्या. एसी सुरू असला की वारा आधी पुढच्या कंडेन्सरमधून जातो आणि तिथेच तापून, समजा, ५५ अंशांचा होऊन रेडिएटरवर येतो. फरक उरला ४०. म्हणजे वारा तेवढाच, रेडिएटर तोच, पण त्याची ताकद निम्म्याच्या थोडी वर. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या उन्हाळी ट्रॅफिकमध्ये गाडी सपाट रस्त्यावरही का तापते, त्याचे उत्तर यात आहे.

फॅन कधी लागतो?

गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गेली की समोरून येणारा वाराच बहुतेक वेळा पुरेसा होतो. फॅनची खरी गरज असते सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये आणि कमी वेगाच्या चढावर. घाटात दुहेरी अडचण होते. इंजिनावर भार सर्वात जास्त आणि वेग सर्वात कमी. म्हणून घाट ही फॅनची परीक्षा असते.

बहुतेक आधुनिक मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते आणि फॅन विजेवर चालतो. कूलंट साधारण ९५ अंशांच्या पुढे गेले की सेन्सर कळवतो आणि रिले फॅनला करंट देतो. पाच-सहा अंश उतरले की फॅन बंद होतो. एसी लावला की तो बहुतेक गाड्यांत लगेच सुरू होतो. काही गाड्यांत फॅनचे दोन वेग असतात. कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो आणि तो जळाला की फॅन फक्त मोठ्या वेगात, उशिरा आणि मोठ्या आवाजाने चालतो.

जुनी अँबॅसडर, जीप आणि इंजिन उभे बसवलेल्या काही गाड्यांमध्ये फॅन पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरतो. त्यातल्या अनेकांत सिलिकॉन तेल भरलेला व्हिस्कस क्लच असतो. गरम हवा लागली की तो पकड घेतो आणि फॅन जोरात फिरतो. तेल गळून गेले की क्लच नुसता सैल फिरत राहतो. फॅन फिरताना दिसतो, पण वारा खेचत नाही. गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवला आणि तो अडखळ न होता गरगर फिरला, तर क्लच गेला असे समजावे. ही तपासणी फक्त पट्ट्यावरच्या फॅनसाठी. विजेच्या फॅनजवळ हात नेऊ नये, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

श्राउड काढून ठेवू नका

फॅनभोवती जे प्लास्टिकचे कव्हर असते त्याला श्राउड म्हणतात. एकदा काम करताना काढलेले हे कव्हर क्लिप तुटली म्हणून किंवा हात घालायला अडचण होते म्हणून परत बसवलेच जात नाही. नुकसान इथूनच सुरू होते.

फॅन गोल आणि रेडिएटर चौकोनी. श्राउड नसेल तर फॅन फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोल भागातूनच वारा खेचतो. चारही कोपरे कोरडे राहतात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून गरम वारा पुन्हा पुढे येतो आणि तोच परत खेचला जातो. श्राउड असला की तोच फॅन अख्ख्या जाळीतून वारा ओढतो. हेच रेडिएटरच्या कडेच्या फोमपट्ट्यांचे. वारा नेहमी सोपी वाट शोधतो. कडेला फट मिळाली तर तो जाळीतून जायचे कष्ट घेत नाही, बाजूने निघून जातो.

ग्रिलसमोर लावलेल्या वस्तूही वारा अडवतात. जादा दिवे, मोठ्या फ्रेमची नंबरप्लेट, शोभेची जाळी यांचा परिणाम सपाट रस्त्यावर जाणवत नाही, घाटात जाणवतो. बुल गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच सुरक्षेच्या कारणावरून कारवाईचे निर्देश दिले आहेत.

मोटर बदलताना आणखी एक चूक होते. वायर उलट जोडली गेली तर फॅन उलटा फिरतो. मागे बसवलेला फॅन वारा खेचण्याऐवजी पुढे ढकलू लागतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. तपासणी सोपी आहे. गाडी उभी करून एसी लावा आणि ग्रिलसमोर एक कागद धरा. फॅन मागच्या बाजूला असेल तर कागद ग्रिलला चिकटला पाहिजे.

झाकणाची किंमत कमी, काम मोठे

रेडिएटरचे झाकण हा सर्वात स्वस्त भाग आणि सर्वात दुर्लक्षित. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा बार दाब होईपर्यंत हे झाकण कूलंटला आत धरून ठेवते. प्रेशर कुकरची शिट्टी करते तेच काम. दाब वाढला की उकळबिंदू वाढतो. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी हे मिश्रण चांगल्या झाकणाखाली सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही.

आता घाटमाथ्याचा हिशेब बघा. समुद्रसपाटीवर, म्हणजे पणजीत, पाणी १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण एक अंशाने उतरतो. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी असेल आणि झाकणाचे रबर गेलेले असेल, तर फॅन नीट जोर धरतो न धरतो तोच पाणी उकळायला लागलेले असते. गोव्यात आठवडाभर काही झाले नाही, नेमकी घाट चढून वर आल्यावर वाफ आली, या तक्रारीचे हे एक कारण.

झाकणात दुसरा छोटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड झाले की बाटलीतले कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेणे हे त्याचे काम. तो अडकला की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा. सकाळी होज आत दबलेला दिसला, तरी संशय याच व्हॉल्व्हचा घ्यावा.

गाडी कधी तापते, ते आधी बघा

गॅरेजला जाण्याआधी चालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. गाडी नेमकी कधी तापते?

ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो : फॅनकडे बघा. फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर, श्राउड किंवा व्हिस्कस क्लच यांपैकी काहीतरी गेले आहे.

शहरात ठीक चालते, पण हायवेवर वेगात किंवा लांब चढावर तापते : फॅन निर्दोष असण्याची शक्यता जास्त. रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला आहे, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, पंप किंवा पट्टा कमकुवत आहे.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते आणि खालचा होज थंडच राहतो : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा किंवा आत हवा राहिली असावी.

बाटलीत सतत बुडबुडे येतात, पांढरा धूर निघतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो : हेड गॅस्केट गेले असण्याची चिन्हे. अशी गाडी पुढे दामटू नये.

काट्यावर मात्र पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यभागी स्थिर राहील असा बसवलेला असतो, खरे तापमान बरेच वाढेपर्यंत तो हलत नाही. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा ओबीडी स्कॅनर मोबाईलवर खरा आकडा दाखवतो.

आत चुना, बाहेर पाचट

बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले की नळ्यांत तोच पांढरा थर बसतो जो बंबात आणि गिझरच्या कॉइलवर बसतो. हा थर उष्णता अडवतो आणि नळी अरुंद करतो. कूलंटमधली रसायने गंजही थांबवतात. नुसत्या पाण्यात ते संरक्षण नाही. म्हणून तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मॅन्युअलमध्ये दिलेले प्रमाण वापरावे. हिरवा, लाल, निळा हा रंग प्रतीचा पुरावा नाही, तो नुसता रंग असतो. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळली तर गंजरोधक गुण कमी होतात, कधी गाळही धरतो.

बाहेरून तुंबण्याचे कारण भागाप्रमाणे बदलते. बेळगाव, चिक्कोडी पट्ट्यात ऊस हंगामात ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचटाचे तुकडे अडकतात. गोव्यात खाणपट्ट्यात लाल धूळ बसते. पावसाळ्यात चिखल आणि किडे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा कचरा गाद्यांसारखा बसतो. समोरून बघितले तर सगळे स्वच्छ दिसते, कारण कचरा असतो आत. तो काढायचा तर इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारावे, आणि साध्या पाइपने. प्रेशर वॉशर जवळून मारला की ॲल्युमिनियमच्या फिन्स आडव्या होतात आणि होती ती वाटही बंद होते.

दोन जुगाड, दोन्ही महागात पडणारे

गाडी तापते म्हटल्यावर अजूनही काही ठिकाणी दोन उपाय सुचवले जातात. थर्मोस्टॅट काढून टाकणे आणि फॅन ‘डायरेक्ट’ करणे.

थर्मोस्टॅट काढला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरते. थंडीत आणि हायवेवर इंजिन नीट गरमच होत नाही. संगणकाला वाटते इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जास्त इंधन सोडतो. ॲव्हरेज पडते, ऑइल लवकर खराब होते. बीएस-६ डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरची सफाईही अडखळते.

फॅन इग्निशनवर डायरेक्ट केला तर लगेच बरे वाटते. पण मोटर दिवसभर फिरून लवकर झिजते, अल्टरनेटरवर कायमचा बोजा पडतो आणि मूळ बिघाड झाकला जातो. फॅन दहा-वीस अँपिअर सहज ओढतो. तो रिले आणि योग्य फ्यूजशिवाय बारीक वायरवर जोडला तर वायर तापून जळण्याचा धोका असतो. वाटेत अडकले असता घर गाठण्यापुरता हा उपाय ठीक. कायमचा नव्हे.

मोठा रेडिएटर बसवावा का?

जुनी जीप सांभाळणाऱ्यांना किंवा इंजिन बदललेल्या गाडीवाल्यांना हा प्रश्न पडतोच. उत्तर क्रमाने द्यावे लागते. आधी सफाई, मग झाकण आणि कूलंट, मग श्राउड आणि फॅन. एवढे करूनही तापली तरच रेडिएटर बदलण्याचा विचार. तेव्हाही जाडीपेक्षा समोरचे क्षेत्रफळ वाढवणे जास्त फायद्याचे. फार जाड जाळीतून वारा खेचायला फॅनचा जोर पुरत नाही आणि मागच्या थरांना आधीच तापलेला वारा मिळतो.

पट्ट्यावरचा फॅन काढून विजेचा बसवायचा असेल तर तो रेडिएटरच्या मागे, खेचणारा आणि पूर्ण श्राउडसह असावा. पुढे बसवलेला ढकलणारा फॅन बंद असताना स्वतःच वारा अडवतो. रिले, फ्यूज आणि तापमानाचा स्विच हे तिन्ही हवेतच. आणि जुन्या गाडीचा डायनॅमो एवढा करंट पुरवू शकतो का, हे आधी बघावे. नाहीतर रात्री दिवे, वायपर आणि फॅन एकत्र लागले की बॅटरी बसते.

घाटात काटा चढलाच तर

वाफ नसेल आणि काटा नुकताच चढू लागला असेल, तर प्रथम एसी बंद करा. काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. उकाडा होईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो थोडी उष्णता बाहेर काढतो. खालचा गिअर घ्या, ॲक्सिलरेटर हलका ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर राखा. सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि फॅन फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलला राहू द्या.

वाफ निघत असेल, लाल दिवा लागला असेल किंवा कूलंट सांडले असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करा. पुढच्या वळणावर हॉटेल आहे, तिथवर जाऊ, हा मोह टाळा. ॲल्युमिनियमचे हेड त्या एका किलोमीटरमध्ये वाकू शकते.

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर, हातावर उडते आणि गंभीर भाजते. किमान अर्धा तास थांबा. वरचा होज हाताला कोमट आणि मऊ लागला की जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. वाटेत नुसते पाणी भरावे लागले तर हरकत नाही, पण घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

सुट्टीला निघण्याआधी पाच मिनिटे पुरतात. थंड इंजिनावर बाटलीची पातळी बघावी, झाकणाचे रबर बघावे, होज दाबून बघावेत, एसी लावून फॅन फिरतो का ते ऐकावे, जाळीवर टॉर्च मारावी. एवढे केले की केरीचा चढ लागल्यावर डोळे काट्यावर खिळवून बसायची वेळ येत नाही, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना उठवून भर घाटात रस्त्याकडेला उभे करावे लागत नाही.